चालण्याच्या कॅलरी लिहिण्याआधी वजाबाकी

वजन उतरवण्यासाठी खाण्याची आणि व्यायामाची रोज नोंद ठेवणाऱ्यांच्या वहीत एक चूक हमखास सापडते: खाल्लेले थोडे कमी लिहिलेले असते आणि चाललेले बरेच जास्त. पहिल्या चुकीला आपण जबाबदार असतो. दुसरी मात्र बहुतेक वेळा मनगटावरच्या घड्याळाने केलेली असते आणि आपण ती विश्वासाने उतरवून घेतलेली असते. 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात मनगटी उपकरणे तपासली, तेव्हा हृदयाचे ठोके त्यांपैकी बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले. पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाचा अंदाजही सरासरी 27 टक्क्यांनी चुकला.

म्हणून हा हिशेब स्वतः करावा. शरीर नुसते बसलेले असतानाही ऊर्जा खर्च करते. हा खर्च दर किलो वजनामागे ताशी साधारण 1 कॅलरी धरतात आणि त्याला 1 मेट म्हणतात. सपाट रस्त्यावर ताशी 4.8 किलोमीटर वेगाने चालणे सुमारे साडेतीन मेटचे मानले जाते. त्यामुळे 70 किलो वजनाची व्यक्ती 45 मिनिटे असे चालली, तर एकूण खर्च सुमारे 184 कॅलरी येतो. पण तेवढा वेळ ती खुर्चीत बसून राहिली असती, तरी त्यातल्या 53 कॅलरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई 131 कॅलरींची, आणि वहीत लिहायचा आकडा हाच.

रोज एवढे गणित नको असेल, तर एक सोपा आडाखा आहे: वजनाच्या निम्म्याला चाललेल्या किलोमीटरने गुणावे. वरच्या उदाहरणात 45 मिनिटांत 3.6 किलोमीटर अंतर होते. 35 गुणिले 3.6 म्हणजे 126. पाच कॅलरींच्या फरकाची चिंता करू नये, कारण मुळात हा सगळाच अंदाज आहे. ताशी 3 ते 6 किलोमीटर या नेहमीच्या वेगांना हा आडाखा पुरेसा लागू पडतो. भरभर चालण्याचा फायदा मुख्यतः एवढाच, की तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापले जाते.

आता सगळी भिस्त अंतरावर आली, तेव्हा ते नीट मोजायला हवे. सोसायटीच्या आवारात इमारतींच्या मधून फेऱ्या मारणाऱ्यांना मोबाइलने दाखवलेले अंतर मी तरी प्रमाण मानणार नाही. त्याऐवजी एकदा 400 मीटरच्या धावपट्टीवर सर्वांत आतल्या पट्ट्यातून नेहमीच्या चालीने एक फेरी मारावी आणि पावले मोजावीत. ती 600 भरली, तर एक पाऊल सुमारे 67 सेंटिमीटरचे आणि एक किलोमीटर 1500 पावलांचा झाला. या मापाने दहा हजार पावले म्हणजे पावणेसात किलोमीटरांहून थोडे कमी, आणि 70 किलो वजनाला सुमारे 233 कॅलरी. (दहा हजार या आकड्याचा उगम 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.)

चढ मात्र वेगळा मोजावा लागतो. शंभर मीटर चालताना पाच मीटर उंची गाठली जात असेल, तर चालण्याचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. टेकडीवर जाणाऱ्यांनी ही दुप्पट फक्त चढाच्या अंतराला लावावी, उताराला नाही. ट्रेडमिलवर चढ लावून पुढचा दांडा घट्ट धरणाऱ्यांनी तर ती लावूच नये, कारण शरीराचा काही भार दांडा उचलत असतो.

याहून मोठी गफलत दिवसाच्या उद्दिष्टात होते. समजा, 42 वर्षांच्या, 158 सेंटिमीटर उंचीच्या आणि 70 किलो वजनाच्या स्त्रीचा दिवसभराचा विश्रांतीचा खर्च मिफ्लिन यांच्या सूत्राने, म्हणजे वजन, उंची, वय आणि लिंग यांवरून, सुमारे 1317 कॅलरी येतो. बैठ्या जीवनक्रमासाठी त्याला 1.2 ने गुणले की 1580 होतात; हलका व्यायाम धरून 1.375 ने गुणले की 1810. ज्यांनी ॲपमध्ये दुसरा पर्याय निवडला आहे, त्यांचे चालणे या जास्तीच्या 230 कॅलरींत आधीच धरलेले आहे. त्यांनी रोजचा फेरफटका पुन्हा जमा केला, तर एकच पगार दोनदा मोजल्यासारखे होईल. बैठा पर्याय निवडून चालणे वेगळे लिहिणे मला अधिक स्वच्छ वाटते.

जमा झालेल्या कॅलरी खाऊन टाकाव्यात का? फार तर निम्म्या. फोडणीत चहाचा एक चमचा तेल जास्त पडले, तरी 40 कॅलरी वाढतात, म्हणजे आपल्या उदाहरणातला एक किलोमीटरहून जास्त रस्ता फुकट जातो. एक किलो चरबीमागे ढोबळमानाने 7700 कॅलरी धरल्या, तर आठवड्यातून सहा दिवस 126 कॅलरींचे चालणे, खाणे जराही न वाढवता, एक किलो उतरवायला सुमारे दहा आठवडे घेईल. म्हणून रोजच्या काट्याकडे पाहून हिशेब बदलू नये; आठवड्याच्या सरासरी वजनांची तुलना तीन-चार आठवड्यांनी करावी. वजन अपेक्षेपेक्षा हळू उतरत असेल, तर चालण्याच्या नोंदीत पाव भाग कपात करून पुढे मोजत राहावे. वजन 64 किलोवर आले, की गुणकही 35 वरून 32 करावा. मैदान तेच, फेऱ्या तेवढ्याच, तरी त्यांची किंमत आता कमी झालेली असते.