घरचा कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करताय? पहिल्यांदा करताना या क्रमाने करा

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवणं, म्हटलं की बहुतेकांना भीती वाटते ती प्रोसेसर जळायची. पण आताचे प्रोसेसर तापमान हद्दीबाहेर गेलं की स्वतःच स्पीड कमी करतात, तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं, त्यामुळे एका रात्रीत जळून जाणं फार क्वचित घडतं. खरा धोका वेगळा आहे आणि तो डोळ्याला दिसत नाही. मशीन चालू असतं, गेम चालतो, सगळं ठीक वाटतं, आणि आत कुठेतरी हिशेब चुकत असतो आणि तो चुकलेला डेटा तसाच डिस्कवर सेव्ह होत राहतो. माझ्याकडे हे झालंय. रॅमचा स्पीड घाईत वाढवला, दहा मिनिटं टेस्ट केली, पास झाली म्हणून सोडून दिली, आणि तीन आठवड्यांनी फोटोंच्या झिप फाइली उघडेनात. म्हणून बाकी काहीही करायच्या आधी महत्त्वाच्या सगळ्या फाइलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा, नुसती कॉपी करून मशीनलाच जोडून ठेवू नका.

आधी हे बघा की तुमच्या मशीनला ओव्हरक्लॉक करता येतं का. इंटेलमध्ये साधारणपणे नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड सिरीजचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक सगळे रायझन प्रोसेसर अनलॉक असतात, म्हणजे त्यांचा स्पीड बदलू देतात, बोर्ड मात्र बी किंवा एक्स सिरीजचा हवा, ए सिरीजच्या बोर्डवर प्रोसेसरचं होत नाही. एक्सथ्रीडीवाले काही रायझन लॉक असतात, उदाहरणार्थ ५८००एक्सथ्रीडी, तेव्हा मॉडेल नंबर टाकून नीट खात्री करा. लॅपटॉपच्या भानगडीत पडू नका, तिथे थंड करायला जागाच नसते. वॉरंटीचे कागदही वाचा, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान बहुतेक वेळा त्यात बसत नाही.

किती फायदा होईल? १९९८ साली सेलेरॉन ३००ए नावाचा प्रोसेसर आला होता, त्याचा बस स्पीड (ज्याच्या पटीत प्रोसेसरचा स्पीड ठरतो तो) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा थेट ४५० व्हायचा, पन्नास टक्के. आता तसं होत नाही कारण कंपन्या स्वतःच बूस्ट (गरजेप्रमाणे आपोआप वाढणारा स्पीड) देऊन बरंचसं आधीच काढून घेतात, आपल्या हाती उरतं ते थोडंसंच.

मागचा हिशेब सोपा आहे. प्रोसेसरचा स्पीड म्हणजे बेस क्लॉक (मूळ स्पीड) गुणिले मल्टिप्लायर (किती पट ते). बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ४५, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झ. आपण मल्टिप्लायर वाढवायचा, आणि एका टप्प्यानंतर त्या स्पीडला व्होल्टेज कमी पडायला लागतं. इथेच जपायचं, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० चं १.३२ व्होल्ट केलं तर वाढ दहा टक्के, पण उष्णता एकवीस टक्क्यांनी वाढणार, आणि स्पीड वाढवल्याची उष्णता त्याच्यावर आणखी. शिवाय जास्त व्होल्टेजने चिप हळूहळू म्हातारी होते, म्हणजे आज स्टेबल असलेलं सेटिंग वर्षभराने क्रॅश व्हायला लागतं. स्पीडने मशीन हँग होतं, रीस्टार्ट केलं की झालं. व्होल्टेजने झालेलं नुकसान परत येत नाही.

सुरुवात: मोजून लिहून ठेवा

एक वही घ्या, खरंच कागदाची, कारण मशीन बूट होत नसेल तेव्हा त्यातली फाइल उघडता येत नाही. धूळ साफ करा, बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, स्पीड-व्होल्टेजची सेटिंग यातच असतात) अपडेट करा. अपडेट महत्त्वाचं आहे, इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते खराब होत होते आणि त्याचा उपाय ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधूनच आला. मग काहीही न बदलता सिनेबेंच (प्रोसेसरवर ताण देऊन स्कोअर देणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालवा, एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तापमान, व्होल्टेज आणि स्पीड बघा आणि स्कोअरसकट सगळं लिहा. बायोसमधल्या मूळ सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा. डिफॉल्टलाच तापमान नव्वदीत असेल तर आधी कूलर बदला, ओव्हरक्लॉकिंगचं नंतर बघू.

बोर्डवर क्लिअर सीमॉसचा (बायोसची सेटिंग पुसून डिफॉल्टवर आणणारा) जम्पर किंवा बटण कुठे आहे ते आत्ताच मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा. बूट नाही झालं तर बरेच बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून आपोआप डिफॉल्टवर येतात, नाही आले तर पॉवरची वायर काढायची आणि जम्पर वापरायचा, किंवा ती नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटं काढून परत बसवायची.

मग रॅम

इथून सुरुवात करा कारण बऱ्याच जणांची रॅम विकत घेतलेल्या स्पीडने चालतच नसते. डीडीआर४ ची ३२०० ची रॅम बोर्ड अनेकदा २१३३ वर चालवतो आणि माणूस वर्षानुवर्षं तशीच वापरतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड दिसतो, तो कमी असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅमच्या कंपनीने आधीच भरून दिलेलं पूर्ण स्पीडचं सेटिंग) चालू करा. डीडीआर५ असेल तर पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, घाबरून बटण दाबू नका. चार स्टिक असतील तर पूर्ण स्पीड मिळेलच असं नाही, एक पायरी खाली या. त्यानंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ते सेटिंग नापास, "एकच तर आहे" असं म्हणायचं नाही.

ग्राफिक्स कार्ड

हे सगळ्यात सोपं, विंडोजमध्येच होतं आणि बिघडलं तर ड्रायव्हर रीसेट होतो किंवा फार तर रीस्टार्ट करावं लागतं. एमएसआय आफ्टरबर्नर हा त्यासाठीचा प्रोग्राम कुठल्याही कंपनीच्या कार्डवर चालतं. पॉवर लिमिट जितकं जाईल तितकं वर, कोअर क्लॉक (कार्डच्या चिपचा स्पीड) दरवेळी २५ मेगाहर्ट्झने वाढवायचा आणि प्रत्येक वेळी जड गेम किंवा बेंचमार्क चालवायचा. व्होल्टेजच्या स्लायडरला हात लावू नका. क्रॅश झालं की ५० ने मागे. मेमरी १०० च्या टप्प्याने वाढवा, पण इथे एक गंमत आहे, काही कार्डांची मेमरी चूक झाली की क्रॅश न होता तोच डेटा परत पाठवते, म्हणजे आकडा वाढतो आणि फ्रेमरेट उलटा घसरतो. म्हणून स्कोअर बघत बघत वाढवा. आठवडाभर नीट चालेपर्यंत विंडोज सुरू होताना आपोआप सेटिंग लागू करायचा पर्याय बंदच ठेवा.

शेवटी प्रोसेसर

रायझन असेल तर मल्टिप्लायरपेक्षा बायोसमधले पीबीओ (एएमडीचा आपोआप बूस्ट वाढवणारा पर्याय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक स्पीडला लागणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारा) बरे. सगळ्या कोअरना उणे १० देऊन बघा, मग उणे १५. यात व्होल्टेज कमी होतं, त्यामुळे मला नवशिक्यांसाठी हाच रस्ता सगळ्यात पटतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की हे सेटिंग बिघडलेलं असेल तर जड कामात नाही, मशीन नुसतं बसलेलं असताना अचानक रीस्टार्ट होतं.

इंटेलवर मल्टिप्लायर एकने वाढवा, सिनेबेंच दहा मिनिटं, तापमान लिहा, परत एक. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या आणि क्रॅश झालं तर कशाने झालं ते कळत नाही. क्रॅश झालं की व्होल्टेज ०.०१ किंवा ०.०२ ने वाढवून बघा, त्यापेक्षा मोठी उडी नको, आणि ऑटोवर तर सोडूच नका कारण बोर्ड आपल्या मनाने बरंच जास्त देतो. लोड लाइन कॅलिब्रेशन (जड कामात व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. सुरक्षित व्होल्टेजचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही, तो तुमच्या पिढीच्या चिपसाठी शोधा. टेस्टमध्ये ९० डिग्रीच्या वर गेलं की मी थांबतो, चिपची स्वतःची मर्यादा ९५ किंवा १०० असली तरी.

चांगलं सेटिंग सापडलं असं वाटलं की ओसीसीटी किंवा प्राइम९५ हे ताण देणारे प्रोग्राम दोन-तीन तास चालवा आणि मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा. तिथे "दुरुस्त झालेली एरर" दिसली तरी टेस्ट नापास समजा, मशीन हँग झालं नसेल तरीही. सगळं पास झालं की मल्टिप्लायर एक पायरी खाली आणा आणि तिथेच कायमचं ठेवा. थंडीत लावलेलं सेटिंग उन्हाळ्यात परत एकदा तपासा, आणि पुढे कधी एखादा प्रोग्राम विनाकारण बंद पडायला लागला तर विंडोज परत टाकायच्या आधी बायोस डिफॉल्टवर नेऊन दोन दिवस वापरून बघा, बंद पडायचं थांबलं तर वही काढा आणि शेवटच्या बदलापासून मागे या.