समन्यायी पाणीवाटपाचा आराखडा कसा तपासावा: जायकवाडी आणि ऊर्ध्व गोदावरीच्या आधारे

नदीखोऱ्यातील पाणीवाटपाचा आराखडा शासनाच्या उद्दिष्टांशी ताडून पाहताना सर्वांत आधी उद्दिष्ट आणि नियम वेगळे करावे लागतात. नियम पाळला गेला म्हणजे उद्दिष्ट साधले, असे गृहीत धरून लिहिलेले मूल्यमापन वाचायला सोपे असते, पण त्यातून खोऱ्यातील शेतकऱ्याला किंवा नगरपालिकेला काही कळत नाही. ऊर्ध्व गोदावरी खोरे, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणापर्यंतचा गोदावरीचा वरचा भाग, या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण येथे उद्दिष्ट कायद्यात लिहिलेले आहे, नियम महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशात आहे आणि दोन्हींची कसोटी पाहणारी वर्षेही आता पुरेशी झाली आहेत.

उद्दिष्टापासून सुरुवात करावी. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ च्या कलम १२(६)(ग) नुसार तुटीच्या वर्षी टंचाईचा भार सर्वांनी सारखा उचलावा, म्हणून खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील सर्व धरणांचे वापरण्याजोगे पाणी, खरिपातील वापर धरून, ऑक्टोबरअखेर टक्केवारीने साधारण सारखे राहील असे नियंत्रण करायचे असते. नियम त्यानंतर आला. या खोऱ्यातील धरणांच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश काढला आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची व्यवस्था लावली. कलमाला आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ च्या निकालात त्याची वैधता मान्य केली. ‘सर्व धरणे साधारण सारखी’ आणि ‘जायकवाडी ६५ टक्के’ या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. दोन्ही स्वतंत्रपणे लावाव्यात.

आता आकडेमोड. जायकवाडीचा संकल्पित उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर (दलघमी), म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. ६५ टक्के म्हणजे सुमारे १,४११ दलघमी. (एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. एकके मिसळलेल्या कोष्टकांनी जेवढे वाद वाढवले आहेत तेवढे पावसानेही वाढवले नसतील, म्हणून सुरुवातीलाच सर्व आकडे एकाच एककात आणावेत.) समजा, एखाद्या काल्पनिक वर्षी १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ९५० दलघमी पाणी आहे आणि खरिपात १३५ दलघमी वापरले गेले आहे. बेरीज १,०८५, म्हणजे ५० टक्के. तूट सुमारे ३२६ दलघमी. त्याच दिवशी वरच्या ५०० दलघमी क्षमतेच्या एका धरणसमूहात ४३० दलघमी शिल्लक आहे आणि ७० दलघमी खरिपात वापरले आहे. नुसता साठा पाहिला तर तो ८६ टक्के दिसतो, पण कायद्याच्या भाषेत हा समूह १०० टक्के आहे. खरीप वापराचा रकाना गाळून केलेली तुलना वरच्या बाजूला नेहमीच गरीब दाखवते, म्हणून तो रकाना मागून घ्यावाच. पुढे या समूहाने ६० दलघमी सोडले तरी तो ८८ टक्क्यांवर राहतो. सर्व समूहांचे मिळून जायकवाडी ६५ टक्क्यांवर पोहोचले तर आदेशाची पूर्तता झाली असे म्हणता येईल. ८८ आणि ६५ हे ‘साधारण सारखे’ आहेत का, याचे उत्तर मात्र मूल्यमापन करणाऱ्याने स्वतः द्यायला हवे. माझ्या मते ते सारखे नाहीत, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिणे हेच आपले काम असते.

एकूण आकड्यावर थांबू नये. जायकवाडीच्या वरच्या मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आणि पालखेड या पाचही धरणसमूहांचे आकडे वेगवेगळे वाचावेत. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी सोडण्याचा आदेश झाला, त्यात प्रवरेचा वाटा ६.५० म्हणजे निम्म्याहून अधिक होता. २०१८ च्या ८.९९ टीएमसीमध्ये प्रवरा ३.८५, दारणा २.०४, मुळा १.९०, तर गंगापूर आणि पालखेड प्रत्येकी ०.६० अशी विभागणी होती. २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसीच्या आदेशात दारणेकडून २.६४३ अपेक्षित होते आणि पालखेडकडून काहीच नव्हते. एखाद्या समूहाचा वाटा वर्षागणिक का बदलला, याचे कारण त्या वर्षीचा पाऊस, समूहातील साठा आणि बिगरसिंचन आरक्षण (पिण्यासाठी आणि उद्योगांसाठी राखून ठेवलेले पाणी) यांत शोधावे. ते तेथे सापडले नाही, तर तेवढ्यावरच प्रश्न उपस्थित करावा.

सर्वाधिक वेळ मात्र आदेशातील पाणी आणि पोहोचलेले पाणी यांच्यातील फरकावर द्यावा. आदेशातील आकडा वरच्या धरणाच्या दरवाजाशी मोजला जातो, उद्दिष्टाचा परिणाम पैठणला दिसतो, आणि मध्ये कोरडे नदीपात्र, फळ्या घालून पाणी अडवणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि काठावरचे पंप असतात. म्हणून विसर्ग सुरू होण्यापूर्वी बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या होत्या का, नदीकाठचा वीजपुरवठा त्या काळात मर्यादित ठेवला होता का, आणि विसर्ग एकसंध मोठा होता की थोडाथोडा करून दिला, हे तपासावे. पात्र भिजवण्यातच संपणारे पाणी थोड्याथोड्या विसर्गात जास्त जाते. पडताळणीसाठी साधा हिशेब पुरतो: सुमारे ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी होते. दैनंदिन विसर्गाच्या नोंदींची अशी बेरीज करावी आणि त्याच दिवसांतील जायकवाडीच्या पातळीवाढीशी ती जुळवून पाहावी. तारीखही महत्त्वाची आहे. २०२३ चा आदेश ३० ऑक्टोबरचा, पण विसर्ग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू झाला. कायद्याची मुदत ऑक्टोबरअखेरची असल्यामुळे हा विलंब स्वतंत्र त्रुटी म्हणून नोंदवावा, कारण रब्बीची पेरणी तोपर्यंत आटोपत आलेली असते आणि खालच्या शेतकऱ्याला पीक ठरवताना त्या पाण्याचा भरवसा धरता येत नाही.

पैठणला पाणी आले तरी तपासणी संपत नाही. जायकवाडीचा नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेला, उथळ जलाशय आहे. प्रवरा समूहातील भंडारदरा सह्याद्रीच्या कुशीत, खोल आहे. दोघांची १५ ऑक्टोबरची टक्केवारी सारखी असली तरी उन्हाळ्यापर्यंत बाष्पीभवनाने होणारी घट सारखी नसते. म्हणून टक्केवारीच्या शेजारी अपेक्षित बाष्पीभवन वजा जाता उरणाऱ्या पाण्याचा रकाना ठेवावा. गाळामुळे घटलेली क्षमता गृहीत न धरता जुन्या संकल्पित साठ्यावरच टक्केवारी काढली असेल, तर तेही नमूद करावे.

शासनाची इतर उद्दिष्टे थोडक्यात, पण प्रत्येकी एका निकषासह तपासावीत. पिण्याच्या पाण्याला पहिले आणि २०११ च्या निर्णयानुसार शेतीला उद्योगाआधीचे प्राधान्य आहे. टंचाईच्या वर्षी कोणाचे पाणी आधी आणि किती कापले, यावरून ते कळते. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याला पाणीवापर संस्थांमार्फत घनमापनाने (प्रत्यक्ष मोजून) पाणी द्यायचे आहे. पालखेड समूहातील वाघाड प्रकल्पाने ते प्रत्यक्षात करून दाखवले असल्यामुळे इतर लाभक्षेत्रांची तुलना वाघाडशी करणे न्याय्य ठरते. जललेखा अहवाल आणि सिंचन स्थितिदर्शक अहवाल येथे कामी येतात. नांदूर मधमेश्वर हे रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ स्थळ आहे आणि दारणा–गंगापूरचे पाणी त्याच मार्गाने जाते. विसर्गाच्या वेळापत्रकात त्या पाणथळीच्या पातळीचा विचार केला होता का, हे विचारावे. भूजल या वाटपात मोजलेच जात नाही. लाभक्षेत्रातील विहिरी कालव्याच्या पाझरावर भरत असतील, तर टक्केवारीने समान ठरलेल्या दोन तालुक्यांचे प्रत्यक्ष पाणी समान नसते.

नियम बदलण्याचा प्रस्ताव असेल तर तो मागील वर्षांवर लावून पाहावा. या नियमाचा फेरविचार करणाऱ्या मांदाडे अभ्यासगटाने ६५ ऐवजी ५८ टक्के मर्यादेची शिफारस केली आहे. फरक सात टक्क्यांचा दिसतो. २,१७१ दलघमीवर तो सुमारे १५२ दलघमी, म्हणजे जवळजवळ ५.४ टीएमसी होतो. जायकवाडी ५८ टक्क्यांच्या खाली असताना दोन्ही मर्यादा पाणी सोडायलाच सांगतात, फक्त किती ते बदलते, आणि ६५ च्या वर दोन्ही काहीच मागत नाहीत. त्यामुळे खरीप वापरासह साठा ५८ ते ६५ च्या दरम्यान राहिलेली वर्षे वेगळी काढावीत, त्या वर्षी वरच्या पाचही समूहांची टक्केवारी किती होती हे शेजारी मांडावे, आणि त्या कोष्टकावर कलम १२(६)(ग) ची कसोटी पुन्हा लावावी.