‘खरा मी’ शोधताना: वेदान्ताच्या वाटेवर या चुका टाळा

वेदान्ताकडे, म्हणजे उपनिषदांच्या तत्त्वविचाराकडे, माणूस सहसा सुखाने वळत नाही. कामात मन रमेनासं होतं, एखादं नातं तुटतं, किंवा सगळं जागच्या जागी असूनही रात्री छताकडे बघत ‘हे सगळं कशासाठी?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. मीही असाच आलो. पहिल्या दोन वर्षांत तीन वह्या भरल्या, श्लोक पाठ केले, तरी आत काही हललं नाही. कुठे चुकत होतो हे कळायला आणखी बराच काळ गेला. त्याच चुका आता नव्याने अभ्यासाला लागलेल्यांच्या बोलण्यात ऐकू येतात, म्हणून हे लिहितो आहे.

दोन प्रश्नांची गल्लत

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. ‘मी कोण?’ आणि ‘मी काय करावं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला स्वरूपाचा, दुसरा स्वधर्माचा, म्हणजे आपल्या वाट्याच्या कर्तव्याचा. आत्मा नित्य आहे, पूर्ण आहे, अकर्ता आहे असं सांगणाऱ्या उपनिषदाकडे ‘मग मी कुठलं काम धरू?’ हा प्रश्न नेला, तर हाती काही लागत नाही. मग माणूस म्हणतो, वेदान्त व्यवहारात उपयोगाचा नाही.

गीतेत दोन्ही प्रश्न आहेत, पण कालवलेले नाहीत. अर्जुनाची अडचण मोघम नव्हती. रथ दोन सैन्यांच्या मधोमध उभा होता आणि समोर आजोबा होते, गुरू होते. दुसऱ्या अध्यायात त्याला आधी आत्म्याचं स्वरूप सांगितलं जातं, मग कर्माचा विचार सुरू होतो. ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः’ (उणा असला तरी आपला स्वधर्मच बरा) हे शब्द तिसऱ्या अध्यायात येतात आणि अठराव्यात पुन्हा येतात. तिथे जोडीला ‘स्वभावनियतं कर्म’ असंही म्हटलं आहे. म्हणजे काय करावं याचं उत्तर आपला स्वभाव आणि वाट्याला आलेली जबाबदारी यांत शोधायचं. त्यासाठी समाधी लागण्याची वाट बघायची गरज नाही.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. वहीचं पान मधोमध उभं दुमडा. डावीकडे हातात असलेली कामं लिहा: आजारी आईची सोबत, थकलेला हप्ता, अर्धवट राहिलेलं शिक्षण. उजवीकडे स्वतःबद्दलची वाक्यं लिहा: ‘मी मागे पडलो’, ‘माझं आयुष्य वाया गेलं’, ‘मला कोणी मोजत नाही’. डावीकडच्या ओळींना कृती लागते, उजवीकडच्यांना विचार. माझ्या पानावर डावीकडे जेमतेम चार ओळी आल्या आणि उजवीकडे जागा पुरली नाही. ध्येय सापडत नाही म्हणून मी कासावीस आहे असं मला इतके दिवस वाटत होतं. खरं तर मी स्वतःला अपुरा समजत होतो आणि ते अपुरेपण भरून काढेल असं एखादं मोठं ध्येय शोधत होतो. कुठलंही काम ते भरून काढू शकत नाही. वेदान्ताचं म्हणणं असं की हे अपुरेपण मुळात चुकीच्या ओळखीतून आलेलं आहे.

आत्म्याला वस्तू समजणं

‘खरा मी’ कुठेतरी आत खोल दडून बसला आहे आणि पुरेसं खोदलं की सापडेल, असं आपण धरून चालतो. परंपरेत यावर दहाव्याची गोष्ट सांगतात. दहा जण नदी ओलांडतात. पलीकडे पोचल्यावर जो तो मोजतो आणि नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला धरत नाही. दहावा बुडाला म्हणून रडारड सुरू होते. वाटेने जाणारा एक जण सांगतो, ‘दहावा तूच आहेस.’ दहावा कुठूनही आणावा लागला नाही. तो तिथेच होता, रडतही होता.

अभ्यासात ही चूक वेगळ्या रूपाने येते. ध्यानात कधी प्रकाश दिसतो, कधी अपार शांती वाटते. माणूस त्यालाच आत्मानुभव समजतो आणि दुसऱ्या दिवशी ती शांती आली नाही की खचतो. इथे दृक् (पाहणारा) आणि दृश्य (पाहिलं जाणारं) हा भेद कामी येतो. जे दिसलं, जाणवलं, आलं आणि गेलं ते दृश्य, मग ते कितीही सुंदर असो. शांती आली हे ज्याला कळलं आणि गेली हेही ज्याला कळलं, तो बदलला का? तैत्तिरीय उपनिषदात अन्नमयापासून आनंदमयापर्यंत पाच थर सांगितले आहेत. अद्वैताच्या, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या, मांडणीत त्यातला आनंदमयसुद्धा कोशच, म्हणजे आवरणच, धरतात. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत आत्मरूपाला ‘स्वसंवेद्य’ म्हटलं आहे, म्हणजे स्वतःच स्वतःला जाणणारं. दिवा बघायला दुसरा दिवा लागत नाही.

हे सगळं बैठकीवर बसून समजतं आणि उठल्यावर निसटतं. मला ते पहिल्यांदा पकडीत आलं एका साध्या निरोपामुळे. फोनवर एका ओळखीच्या माणसाचं वाक्य आलं: ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ कान तापले, अंगठा उत्तर लिहायला लागला. तीन शब्द लिहून झाले होते आणि मध्येच दिसलं की कानांची ऊब कळते आहे, अंगठ्याची घाई कळते आहे, ‘माझा अपमान झाला’ हा विचारही कळतो आहे. ज्याला हे कळत होतं, तिथे अपमान पोचला नव्हता. राग लगेच गेला नाही, चांगला अर्धा तास टिकला. पण उत्तर मी पाठवलं नाही.

साक्षीभावाचं झाकण

वरच्या गोष्टीतून कोणी चुकीचा अर्थ काढू नये. ‘मी साक्षी (फक्त जाणणारा) आहे’ असं घोकत दुःख दाबून टाकणं हा साक्षीभाव नव्हे. साक्षीला दुःखाची भीती नसते, त्यामुळे त्याला ते नाकारावंही लागत नाही. घरातलं माणूस गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं, तर रडणं मनाचा धर्म आहे. ते होऊ द्यावं.

आणि एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, भूक मेली असेल, कशातच रस उरला नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर त्याला वैराग्य म्हणू नका. लवकरात लवकर डॉक्टरांना भेटा, जवळच्या माणसाशी बोला. विचार करायला मन धड हवं. औषध घेतल्याने साधना बाटत नाही.

वैराग्य आणि कंटाळा यांतला फरक ओळखायची एक खूण आहे. कंटाळलेला माणूस काम टाकतो आणि मनात त्याच्याशी भांडत राहतो. विरक्त माणूस काम करतो, फळाची ओढ सैल सोडतो. ‘जग मिथ्या’ म्हणून जबाबदाऱ्या झटकणाऱ्यांनी छांदोग्य उपनिषदातला मातीचा दृष्टांत नीट वाचावा. घट मिथ्या याचा अर्थ घट नाही असा होत नाही; मातीवेगळा असा घट नाही, एवढंच. पाणी भरायला घटच लागतो.

‘अथ’ वगळून पुढे जाणं

ब्रह्मसूत्राची, म्हणजे उपनिषदांचा विचार सूत्रांत मांडणाऱ्या ग्रंथाची, सुरुवात ‘अथातो ब्रह्मजिज्ञासा’ (यानंतर, म्हणून, ब्रह्म जाणण्याची इच्छा) अशी आहे. त्यातल्या ‘अथ’चा, म्हणजे ‘यानंतर’चा, अर्थ शंकराचार्य साधनचतुष्टयाशी, म्हणजे चार प्रकारच्या तयारीशी, जोडतात: विवेक, वैराग्य, शम (मन आवरणं), दम (इंद्रियं आवरणं) वगैरे सहा गुण आणि मुमुक्षुत्व (मोक्षाची तळमळ). ही तयारी झाल्यावर जिज्ञासा. आपण मात्र थेट शेवटच्या पानावर उडी मारतो आणि ‘अहं ब्रह्मास्मि’ म्हणता म्हणता रांगेत कोणी पुढे घुसलं की भडकतो. सुरुवात त्या सहा गुणांतल्या तितिक्षेपासून, म्हणजे सहनशीलतेपासून, करा. दिवसातली एक गैरसोय तक्रार न करता सोसून बघा.

नुसतं वाचन साठवण्याची चूकही याच घरातली. छांदोग्यातच वेदांपासून कितीतरी विद्या शिकलेला नारद सनत्कुमार ऋषींकडे येऊन सांगतो की मी मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही.

आणखी एक: शंकराचार्य, रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य यांच्या मांडण्या जीव, जगत आणि ईश्वर यांबद्दल खरोखर वेगळ्या आहेत. सुरुवातीला तिन्हीतली वाक्यं एकत्र केली की गोंधळ हमखास होतो. काही काळ एकच धरा.

पहिल्याच उत्तरावर थांबणं

छांदोग्याच्या आठव्या अध्यायात देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन आत्मा जाणून घ्यायला प्रजापतीकडे जातात. ३२ वर्षं राहिल्यावर प्रजापती त्यांना पाण्यात बघायला सांगतो, मग नटूनथटून पुन्हा बघायला सांगतो आणि म्हणतो, ‘हाच आत्मा.’ विरोचन समाधानाने परततो आणि देह हाच आत्मा असं असुरांना शिकवू लागतो. इंद्रही निघतो, पण वाटेत थबकतो आणि मनाशी म्हणतो: ‘देह नटला की पाण्यात दिसणारा हा आत्माही नटतो, मग देह आंधळा झाला तर हाही आंधळा होईल. यात मला काही भलं दिसत नाही.’ तो समिधा घेऊन परत जातो. आणखी ३२ वर्षांनी स्वप्नातल्या पुरुषाचं उत्तर मिळतं, पण स्वप्नातही माणूस रडतो. पुन्हा ३२. मग गाढ झोपेचं उत्तर, पण तिथे तर ‘हा मी’ एवढंही कळत नाही. चौथ्या खेपेला प्रजापती ५ वर्षं राहायला सांगतो. एकूण १०१.

दोघांना मिळालेलं पहिलं उत्तर सारखंच होतं. इंद्राने वाटेत चालता चालता ते तपासलं. आपल्याकडेही एखादं प्रवचन ऐकून ‘समजलं’ असं वाटतं, तेव्हा तेच करायचं: घरी जाताना ते उत्तर आजारपणावर, अपमानावर, गाढ झोपेवर लावून बघायचं. जिथे ते तुटेल तिथली शंका वहीत लिहायची आणि शिकवणाऱ्यासमोर ठेवायची. गीतेत गुरूकडे जाण्याच्या रीतीत नमस्कार आणि सेवा यांच्या जोडीला ‘परिप्रश्न’ (खोलवर विचारणं) हाही सांगितला आहे. शंका विचारल्यावर कोणी रागावत असेल, तर शिकायला दुसरी जागा बघा. छांदोग्यातच श्वेतकेतूला त्याच्या वडिलांनी, उद्दालकाने, ‘तत्त्वमसि’ (ते तू आहेस) नऊ वेळा सांगितलं, आणि शेवटची खेप सोडता दर खेपेला मुलगा म्हणत होता, ‘मला पुन्हा समजावून सांगा.’