लहान आतड्याचा कर्करोग: पॅथॉलॉजी रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

लहान आतडं सुमारे ६ मीटर लांब असतं. तरीही पचनमार्गातल्या कर्करोगांपैकी ५ टक्क्यांहून कमी इथे होतात. त्यामुळे तो लवकर कुणाच्या मनातच येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘कर्करोग आहे’ एवढंच ऐकून प्रकार न विचारणं. अ‍ॅडिनोकार्सिनोमा अस्तरातून निघतो, बहुधा ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) बहुतेक वेळा इलियमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या अखेरच्या तुकड्याच्या, शेवटच्या भागात असतो. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) आणि जिस्ट (आतड्याच्या भिंतीतून निघणारी गाठ) हे आणखी दोन प्रकार. जिस्टला नेहमीची केमोथेरपी फारशी लागू पडत नाही, इमॅटिनिबसारखी गोळी चालते. लिम्फोमाचा मुख्य उपचार औषधांचा. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचा (गाठीच्या तुकड्यावर करायची, प्रकार ओळखणारी चाचणी) निकाल येईपर्यंत थांबावं लागलं तर थांबा. तो वेळ वाया जात नाही.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या बाबतीत तर दोन-तीन गैरसमज एकदम होतात. गाठ १ सेंटीमीटरहून लहान असली तरी लसिकाग्रंथींत पोचलेली असू शकते, आणि अनेकदा ती एकटी नसते. शस्त्रक्रियेत सगळं आतडं हाताने चाचपून पाहायला हवं. रिपोर्टमधला केआय-६७ (गाठीतल्या किती टक्के पेशी वाढत आहेत ते) हा आकडा ३ टक्क्यांच्या खाली असेल तर ग्रेड १, ३ ते २० असेल तर ग्रेड २. पण ग्रेड म्हणजे पेशी किती वेगाने वाढतात ते, आणि स्टेज म्हणजे आजार कुठवर पसरला ते. ग्रेड १ असूनही यकृतात गाठी असू शकतात, हे घरच्यांना आधीच नीट सांगायला हवं. रक्तातलं क्रोमोग्रॅनिन ए (या ट्यूमरमध्ये वाढणारं एक प्रथिन) वाढलं की लगेच घाबरू नका: ओमेप्राझोलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनीही ते वाढतं. गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.

दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होणं हीही चूकच. नेहमीची एंडोस्कोपी ड्युओडेनमपर्यंत जाते, कोलोनोस्कोपी इलियमच्या टोकापर्यंत. मधला मोठा पट्टा दिसतच नाही. लोहाची कमतरता पुन्हा पुन्हा होत असेल आणि कारण सापडत नसेल तर कॅप्सूल एंडोस्कोपी (गिळायचा छोटा कॅमेरा) किंवा सीटी एंटेरोग्राफीबद्दल (लहान आतड्याचं सीटी स्कॅन) विचारा. आतड्यात अडथळ्याची शंका असेल तर मात्र कॅप्सूल आधी नको, ती अडकू शकते.

पूर्वी मेलॅनोमा (त्वचेचा एक कर्करोग) किंवा फुप्फुसाचा कर्करोग झाला असेल तर ते पॅथॉलॉजिस्टला कळवायला विसरू नका. तिथून पसरलेली गाठही इथे सापडते, आणि जुनी माहिती नसेल तर ती मूळ इथलीच समजली जाऊ शकते.

अ‍ॅडिनोकार्सिनोमा असेल तर एमएमआर चाचणी (पेशीतली डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं आहेत का ते पाहणारी) झाली का, हे नक्की पाहा. तिच्यातून लिंच सिंड्रोमचा (कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) संशय आला तर जनुकीय तपासणी करावी लागते, आणि ती रुग्णाच्या भावंडांसाठी व मुलांसाठीही महत्त्वाची ठरते.