यूकेत असायलमची केस चालू असताना अ‍ॅडमिशन कशी मिळवायची

असायलमची, म्हणजे आश्रय मागण्याची, केस पेंडिंग असली की शिकताच येत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि कधीकधी कॉलेजच्या काउंटरवरचा माणूसच तसं सांगून परत पाठवतो. पण तसं नाहीये, शिकायला सरसकट बंदी नाही. आधी ते इमिग्रेशन बेलचं पत्र बाहेर काढा, बेल २०१ म्हणतात ते, केस चालू असताना इथे राहायच्या अटी त्यात असतात, आणि अटींचं पान नीट वाचा. नोकरी करायची नाही हे बहुतेक असणारच, त्याला घाबरू नका, शिक्षणाची ओळ वेगळी असते. तिथे बंदी लिहिली असेल तर वकिलाला लगेच दाखवा, ती अट बदलून मागता येते.

इंग्रजी कच्चं असेल तर इसॉलपासून, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी वर्गापासून, सुरुवात. इंग्लंडमध्ये असायलमचा अर्ज करून ६ महिने झाले आणि निर्णय आला नाही, तर कॉलेजच्या कोर्सला सरकारी फंडिंग मिळू शकतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, तिकडे असाल तर तिकडच्याच कॉलेजला विचारा.

खरी अडचण युनिव्हर्सिटीची. इंग्लंडमध्ये असायलम सीकरला सहसा ओव्हरसीज, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची जास्तीची, फी लावतात, स्टुडंट लोन मिळत नाही, आणि असायलम सपोर्टचे, म्हणजे केस चालू असताना सरकार खर्चाला देतं त्याचे, आठवड्याला ५० पाउंडसुद्धा हातात येत नाहीत, मग वर्षाची हजारो पाउंड फी कुठून आणणार? म्हणून सँक्चुअरी स्कॉलरशिप शोधायची, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांसाठी युनिव्हर्सिट्या देतात ती, यात सहसा फी माफ होते, काही ठिकाणी प्रवास-पुस्तकांचेही पैसे देतात. स्टार नावाची विद्यार्थ्यांची संस्था १९९४ पासून हेच काम करते, त्यांच्याकडे कुठे काय मिळतं त्याची यादी आहे. जागा मोजक्याच असतात हो, एकाच ठिकाणी आशा लावून बसू नका.

बहुतेक ठिकाणी आधी कोर्सची ऑफर हातात लागते, मग स्कॉलरशिपचा अर्ज, आणि दोन्हींच्या तारखा वेगळ्या. यूकासची, म्हणजे युनिव्हर्सिटीचे अर्ज जिच्यामार्फत जातात त्या संस्थेची, मुख्य मुदत जानेवारीत संपते, म्हणजे तयारी दिवाळीच्या आधीच सुरू पाहिजे.

मी एका मुलीचा फॉर्म भरायला बसले होते, व्हिसाचा प्रकार विचारणाऱ्या रकान्यात तिच्यासाठी पर्यायच नव्हता, अर्धा तास आम्ही नुसत्या त्या यादीकडे बघत बसलो, शेवटी "अदर" टाकलं तर चार दिवसांनी उत्तर आलं की स्टुडंट व्हिसाची कागदपत्रं पाठवा. अहो, तिला तो व्हिसा लागतच नाही, ती आधीच इथे आहे! तेव्हापासून मी फॉर्मच्या आधी ईमेल करायला लावते: मी असायलम सीकर आहे, माझ्याकडे एआरसी कार्ड (असायलमच्या अर्जदाराचं ओळखपत्र) आहे, फी कुठली लागेल, आणि आयेल्ट्सऐवजी तुमची स्वतःची इंग्रजीची परीक्षा चालेल का? उत्तर लेखी असलं की पुढे कोणी अडवलं तर दाखवता येतं.

मार्कशीट मायदेशी राहिल्या असतील तर तेही याच ईमेलमध्ये सांगून टाका, जे फोटो-झेरॉक्स असतील ते जोडा. असलेल्या सर्टिफिकेटची इथली बरोबरी यूके एनिक नावाची संस्था ठरवून देते, पण त्याला पैसे पडतात, युनिव्हर्सिटीने मागितलं तरच करा.

मध्येच केस मंजूर होऊन रेफ्युजी स्टेटस मिळालं तर त्याच दिवशी युनिव्हर्सिटीला कळवा, कारण मग होम फी (इथल्या विद्यार्थ्यांची कमी फी) आणि लोन दोन्हीसाठी अर्ज करता येतो. आणि स्कॉलरशिपमधून रोख पैसे मिळणार असतील तर घेण्याआधी सपोर्टवाल्यांना सांगा, नाहीतर तिकडचे पैसे अडकतात.