४०२ वजा १६८: शून्य असलेली वजाबाकी मुलांकडून अशी पक्की करून घ्या

तिसरी-चौथीची मुलं संध्याकाळी आमच्या ओट्यावर गणिताला बसतात, त्याला आता बरीच वर्षं झाली. सहामाहीचा तपासलेला पेपर घेऊन मूल आलं की मी आधी वजाबाकी पाहते. बेरजेत फारसे गुण जात नाहीत. जातात ते वरच्या संख्येत शून्य असलेल्या वजाबाकीत, आणि पालक त्याला धांदरटपणा म्हणून मोकळे होतात. तो धांदरटपणा नसतो. ती पायरी मुलाला कुणी नीट दाखवलेलीच नसते.

सुरुवात दहाच्या जोड्यांपासून करा. ८ ला २, ७ ला ३, ६ ला ४. त्या तोंडपाठ झाल्या की ८ + ७ करताना सातातले दोन आठाला देऊन दहा करायचे आणि उरलेले पाच त्यात मिळवायचे. बोटांची पेरं मोजणाऱ्या मुलाला ओरडू नका. जोड्या बसल्या की पेरं आपोआप सुटतात.

मग संख्या ऐकून लिहायला लावा. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात आणि मूल ऐकलं तसं ५२ लिहून ठेवतं. 'एकोणसाठ' ऐकून ६९ लिहिणारीही असतात. एकोण म्हणजे एक कमी, हे त्यांना सांगावं लागतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा त्यावर मोठा वाद झाला होता. जे मूल घोटाळतं, त्याला पंचवीस म्हणजे वीस आणि पाच असं फोडून सांगण्यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

उभी मांडणी चौकटीच्या वहीत, एककाखाली एकक. हातच्याची बेरीज चार दिवसांत जमते. हातचा दशकाच्या डोक्यावर लिहायचा, मनात ठेवायचा नाही.

आता खरी अवघड पायरी. ५२ − २७ दिलं की पुष्कळ मुलं ३५ लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढतात. त्यावर घरोघरी एकच उपाय सांगतात: 'शेजाऱ्याकडून एक उसना घे.' कृपा करून हे वाक्य वापरू नका. उसनं घेतलेलं परत करायचं असतं. इथे काहीच परत जात नाही. आणि शेजाऱ्याकडून येतो तो एक नसतो, तो दशक असतो, म्हणजे दहा.

मलाही तिसरीत हेच शिकवलं होतं. ४०२ − १६८ मध्ये शेजारी शून्य. त्याच्याकडून काय मागणार? मी शतकाकडून एक आणून सरळ एककाला द्यायचे, दशकात सहातून शून्य काढायचे आणि २६४ लिहायचे. दर वेळी फुली पडायची, पण चुकतंय कुठे ते कुणी सांगत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस शून्य असलेलं उदाहरण मी सगळ्यात शेवटी ठेवायचे आणि बहुतेक वेळा ते राहूनच जायचं.

मला ते समजलं नोटांमुळे. शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी मुलासमोर ठेवा आणि म्हणा, यातले १६८ रुपये दे. आठ नाणी हवीत, आहेत दोनच. दहाची नोट एकही नाही. मग शंभराची एक नोट मोडावीच लागते, तिच्या दहाच्या दहा नोटा येतात. पण नाणी अजून दोनच आहेत. म्हणून त्या दहातली एक नोट पुन्हा मोडायची आणि तिची दहा नाणी घ्यायची. आता मुलालाच मोजू द्या: शंभराच्या ३, दहाच्या ९, नाणी १२. सगळे मिळून अजूनही ४०२च. यातून शंभराची एक, दहाच्या सहा आणि आठ नाणी दिली की २३४ उरतात.

शून्याच्या जागी ९ कुठून आला, हे मुलाने स्वतःच्या हाताने नोट मोडून पाहायला हवं. 'मधल्या शून्याचा नऊ होतो' एवढंच पाठ करून घेतलं, तर मूल उद्या ४५२ मधल्या पाचाचाही नऊ करतं. मी हे पाहिलं आहे. ४०२ − १६८ चं उत्तर २४४ आलं, म्हणजे बरोबर दहाने जास्त, तर समजा की दहाची नोट मोडून नाणी घेतली, पण ती नोट दशकांतून कमी केली नाही. अशा वेळी नुसती फुली मारू नका, नोटा पुन्हा काढा.

खेळण्यातल्या नोटा चालतील, कागदाचे तुकडेही चालतील. तीन-चार दिवस नोटांवरच करू द्या, वहीची घाई नको. नंतर वहीत ४०२ मधले ४० एकत्र वाचायला शिकवा: चाळीस दशक. त्यातला एक सुटा केला की ३९ उरले. ४० वर काट मारून वर ३९ आणि एककावर १२ लिहायचे. १००० − ४३६ मध्येही तेच, शंभर दशकांचे ९९, एककावर १०, उत्तर ५६४. ही युक्ती नोटांच्या आधी मात्र दाखवू नका, नाहीतर पुन्हा पाठांतरच होईल.

प्रत्येक वजाबाकीचा ताळा करायचाच. २३४ + १६८ = ४०२.

शाब्दिक उदाहरणांत 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, हे सांगणं आजपासून बंद करा. मीनाकडे ४५ बोरं आहेत, ती राजूच्या बोरांपेक्षा १८ ने जास्त आहेत, तर राजूकडे किती? 'जास्त' पाहून मूल ६३ लिहितं. राजूकडे आहेत २७. पेन्सिल उचलण्याआधी एवढंच विचारा, कमी बोरं कुणाकडे आहेत? हे तोंडी सांगता आलं की वजाबाकी मूल स्वतःच मांडतं.