ऑपरेशन मनगटाचं, तयारी कमरेचीही

हातावर पडून सहा महिने झाले तरी मनगटातलं मोडलेलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड जुळत नाही, मग कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथं भरायचं ठरतं. हाताची काळजी सगळं घर करतं. कमरेला दुसरी जखम होणार आहे, हे कुणाच्या डोक्यातच नसतं.

दवाखान्यात जाताना सोबत आधार, रेशनकार्ड, जुन्या फिल्म. पडल्या दिवशीचा एक्स-रेसुद्धा. सीटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी घ्या. बीड-परभणीहून संभाजीनगर गाठलं आणि फिल्म घरी राहिली, की खेप वाया. जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भरती व्हायच्या आधी भेटा.

तंबाखू आजच बंद. गुटखा, बिडी, मशेरी, सगळं. स्कॅफॉइडमध्ये रक्त बोटांकडच्या बाजूनं शिरतं आणि मागं फिरतं, म्हणून मागचा, कोपराकडचा तुकडा आधीच उपाशी. त्यात निकोटिननं रक्तवाहिन्या आवळल्या की भरलेलं हाड रुजत नाही. ऑपरेशनच्या दिवशी पुडी खाल्ली नाही म्हणजे झालं असं नाही. आधी किमान महिनाभर आणि नंतर हाड जुळेपर्यंत तोंडात काही नको.

शुगर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांना सांगा. अंगठ्या, नेलपॉलिश काढा.

आता कंबर. हाड कोणत्या बाजूनं काढणार ते आधीच विचारा. उजव्या मनगटाचं ऑपरेशन असेल तर हाडही उजव्या कमरेचं घेता येईल का, हे विचारायला लाजू नका. नंतर चालायला काठी लागली तर ती दुखऱ्या कमरेच्या उलट्या हातात धरतात. कंबर डावी दुखली तर काठी उजव्या हातात येणार, आणि तो तर प्लास्टरमध्ये. भूल फक्त हाताला देऊन भागत नाही, कमरेसाठी वेगळी लागते. तेव्हा पोट रिकामं ठेवायला सांगतील ते ऐका, पहाटेचा चहासुद्धा नको.

कपडे. जखम बरोबर नाडीच्या रेषेत येते, म्हणून पायजमा, परकर नको. एका हातानं नाडी बांधता येत नाही ते वेगळंच. ढगळ गाऊन, नाहीतर सैल लुंगी, गाठ दुसऱ्या बाजूला. घरी उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधी आणून ठेवा. आधी! परतताना मोटारसायकल नको, एसटीत मागची सीट नको. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा वाटला तर तपासणीला सांगा. कमरेची पट्टीही दाखवा, नाहीतर सगळे मनगटच बघत बसतात.

पुढं: हात उशीवर उंच, बोटं हलती, प्लास्टर कोरडं. बोटं निळी पडली, बधिर झाली तर लगेच दवाखाना. मेडिकलमधून मनानं दुखण्याच्या गोळ्या नकोत. प्लास्टर साधारण दोन-तीन महिने. हाड जुळलं असं सीटीत दिसेपर्यंत ऊसतोड नाही, पाण्याची घागर नाही.